पहिल्या मंडईतला बास्केटबॉल

"पोट्टी हाये नं, म्हून सोडून राहिले जवाई."

आत्या माझ्या पाठीमागून बोलली. आपण हळू बोललो असं तिला वाटलं असावं, पण आत्याचा हळू आवाज अंगणापलीकडे कापून रचलेल्या धानाच्या पुंजण्यापर्यंत जातो. मी वळून पाहिलं नाही. टीव्हीवरच्या गेममध्ये माझी खेळाडू मैदानाच्या कोपऱ्यात, तारेच्या जाळीला पाठ लावून उभी होती आणि तिच्यासमोर जिजाजींचा ताडमाड गडी दोन्ही हात पसरून उभा होता. मी चेंडू त्याच्या कपाळावर मारला, उसळून परत आला तो झेलला आणि त्याच्या काखेखालून निघून गेले. मी बास्केटखाली पोचले तेव्हा तो अजून कपाळ चोळत होता.

"पाहा, पाहा. जाऊ देऊन राहिले," आत्या म्हणाली.

जिजाजी हसले. मान हलवली. पण 'नाही हो, मी कुठे सोडतोय' असं काही म्हणाले नाहीत.

जिजाजी वाईट माणूस नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण ते वाईट असते तर माझं काम सोपं झालं असतं. ते मोठ्या बाबांचे जावई, म्हणजे माझ्या चुलत ताईचे नवरे. आमगावकडे त्यांचं खतांचं दुकान आहे, बोलायला गोड आहेत, ताईच्या ताटातली मिरची उचलून स्वतःच्या ताटात ठेवतात. लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि सासरच्या गावातली त्यांची ही पहिली मंडई होती.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, त्यामुळे पाहुण्यांना एका गावच्या मंडईतून उठून दुसऱ्या गावच्या मंडईत जाता येतं. चौकात दंडार नाचते, रस्त्याच्या दोन्ही कडेला शिंगाडे, जिलेबी, बांगड्या, प्लास्टिकच्या मोटारी, आणि घराघरांत इतके पाहुणे की निघताना स्वतःची चप्पल शोधायला वेळ लागतो. आम्ही गोंदियाला लागूनच फुलचूरला राहतो, बाबांचा गोंदियात धानाचा व्यापार आहे. शेती बोदलकशाच्या तलावाजवळच्या गावात आहे आणि ती मोठे बाबा बघतात. मंडईला आम्ही सगळे तिथे जातो. त्या वर्षी जाताना दादाने गाडीच्या मागच्या सीटवर एक काळा डबा ठेवला, वायरी गुंडाळून, माझ्या ओढणीत बांधून. पाहुण्यांना तेवढीच करमणूक, म्हणाला.

तो गेमचा डबा माझा होता. घरात हे मला, आईला आणि सोयीने विसरलेल्या दादाला सोडून कोणालाच माहीत नव्हतं, आणि त्या दिवशी दुपारच्या जेवणात तो माझ्या हातून जायची वेळ आली. का आली, ते समजायला आमच्या घरातल्या दोन रीती माहीत हव्यात.

पहिली रीत अशी की जावयाला हरवायचं नाही. पत्ते असोत, कॅरम असो, बोलण्यातली पैज असो, जावई जिंकतो. ही रीत कोणी शिकवत नाही. हातात हुकुमाचा एक्का असला तरी माणसं दुरीच टाकतात आणि कपाळावर हात मारून घेतात. आत्याचे यजमान, आमचे फुफाजी, आमच्याकडे कितीतरी वर्षं जावई आहेत. आपल्यासारखा पत्ते खेळणारा जिल्ह्यात नाही, अशी त्यांची मनापासून समजूत आहे. आत्याचीही तीच समजूत आहे.

दुसरी रीत म्हणजे पहिल्या मंडईचं रुसणं. नवा जावई पंगतीत बसतो, ताट वाढलं जातं आणि तो अन्नाला हात लावत नाही. मग सासरच्यांनी विचारायचं, काय झालं, काय कमी पडलं. तो आढेवेढे घेतो आणि शेवटी काहीतरी मागतो. घरच्यांनी 'दिलं' म्हटलं की तो घास घेतो. घास तोंडात गेला की ती वस्तू त्याची झाली. मग ती परत मागता येत नाही, त्याबद्दल कुरकुरही करायची नाही. सगळं हसतखेळत चालतं, पण ते हसणं घासापर्यंतच असतं. मोठ्या आईला गेले कित्येक दिवस त्या घासाचीच धास्ती होती. "मोटरसायकल तं नाई मागणार ना हो?" ती रोज मोठ्या बाबांना विचारत होती.

आता डब्याविषयी.

गोंदियात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मोबाईलच्या एका दुकानावरच्या माडीत, गेम पार्लर होतं. दादा कॉलेजात असताना तिथे पडलेला असायचा आणि त्याला बोलवायला आई मला पाठवायची. मी जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जायची. आत जायची नाही. आत मुली जात नसत, आणि जायचं नाही असं मला कोणी सांगितलंही नव्हतं. सांगावं लागत नाही अशा पुष्कळ गोष्टी आमच्या शहरात आहेत. मी दारातून दादाकडे बघायची, तो न वळताच "दो मिनिट रुक ना" म्हणायचा, आणि ती दोन मिनिटं चांगली लांबायची. माझी काही तक्रार नव्हती. मी त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघत राहायची.

पडद्यावर बास्केटबॉल असायचा, पण आमच्या शाळेतला नव्हे. आमच्या इंग्रजी शाळेत बास्केटबॉलचं मैदान होतं. त्यावर सकाळी प्रार्थना व्हायची, दिवसभर शाळेच्या बसेस उभ्या असायच्या, आणि वरच्या रिंगला जाळी नव्हती. वर्षातून काही दिवस बसेस हलवून मुलांचे सामने होत. मुलींनी बाजूला बसून टाळ्या वाजवायच्या, अगदी शिस्तीत, सरांनी हात वर केला की. पार्लरमधल्या पडद्यावरचं मैदान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फरशी. भोवती तारेची जाळी, भिंतींवर रंगाने काढलेली चित्रं, कुणाच्या तरी बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. तिघांविरुद्ध तिघं. पंच नाही, शिट्टी नाही. धक्का मारला तरी चालतो. खेळाडू बास्केटच्याही वर उडी मारतात, हवेत दोन गिरक्या घेतात, रिंगला लोंबकळून खाली बघतात. असं प्रत्यक्षात होत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. नेमकं तेच तर मला हवं होतं.

पण माझा जीव त्या खेळावर बसला तो उड्यांमुळे नाही. त्यातला एक नियम मला पायरीवर उभ्या उभ्या समजला. पडद्याच्या कडेला एक मीटर असतो. तुम्ही चेंडू नुसता बास्केटमध्ये टाकला तर त्याला फारसा फरक पडत नाही. तुम्ही समोरच्याला फसवलं, चेंडू पायांमधून काढला, पाठीमागून फिरवला, त्याच्या डोक्यावरून टाकून पलीकडे जाऊन झेलला, म्हणजे थोडक्यात, सगळ्यांदेखत मिरवलं, तर तो मीटर भरतो. पूर्ण भरला की चेंडू पेटल्यासारखा दिसायला लागतो, आणि त्यानंतरच्या एका उडीत तुमचे गुण वाढतात आणि समोरच्याचे कमीही होतात.

"शायनिंग नको मारू." लहानपणापासून मी हे वाक्य ऐकत आले. वर्गात उत्तर आलं म्हणून हात वर केला तर मैत्रीण म्हणायची. पाहुण्यांसमोर इंग्रजीत बोलले तर आई डोळ्यांनी म्हणायची. नवा ड्रेस घालून आरशासमोर जरा जास्त उभी राहिले तर दादा म्हणायचा. इतकं ऐकलं की हळूहळू मी काहीच मारेनाशी झाले. घरात येणारे म्हणायचे, पोरगी फार शांत आहे हो. आणि इथे एक खेळ होता, ज्यात शायनिंग मारल्याशिवाय जिंकताच येत नव्हतं. वर त्याची अट अशी की एकच युक्ती पुन्हा पुन्हा केली तर तिची किंमत घटत जाते. दर वेळी नवीन काहीतरी करून दाखवा. आणि फार वेळ मिरवत बसलात तर समोरचा चेंडू हिसकावून घेऊन जातो. म्हणजे हिंमत हवी आणि कुठे थांबायचं तेही कळायला हवं. मला वाटलं, हे मला जमेल. मी आयुष्यभर कडेला उभी राहून लोक कधी बेसावध होतात तेच बघत आले आहे.

मग सगळ्यांच्या हातात मोबाईलवरचे गेम आले आणि पार्लर बंद व्हायला लागलं. मालक एकेक डबा विकतोय, हे दादानेच घरी सांगितलं. मी तेव्हा आमच्या गल्लीतल्या मुलांना इंग्रजी शिकवत होते. साठवलेले पैसे मी दादाच्या हातात दिले, कारण जिना चढून सौदा करणं माझ्याच्याने होणार नव्हतं. दादा गेला आणि डबा पिशवीत घालून, खांद्याला लटकवून घरी आला. तेवढ्यावर तो दादाचा झाला. बाबा म्हणाले, "घेतला का शेवटी!" शेजारचे म्हणाले, "भाऊ, गेम आणला म्हणे." दादाने खुलासा केला नाही. मीही केला नाही. त्यात माझी सोय होती. मुलाचा गेम म्हटला की तो टीव्हीखाली राहतो, कोणी त्याच्याकडे बघत नाही. मुलीचा म्हटला असता तर "कायले पायजे तुले हे?" हा प्रश्न आला असता, आणि त्याला पटण्याजोगं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आवडतं, हे उत्तर आमच्याकडे मुलींच्या बाबतीत पुरत नाही.

दादा थोडे दिवस खेळला आणि त्याने सोडून दिलं. मी खेळत राहिले. दुपारी, जेवणं झाल्यावर, आई आडवी झाली की. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून. त्या गेममध्ये एक निवेदक आहे, तो प्रत्येक उडीला बेंबीच्या देठापासून ओरडतो. त्याचा आवाज मी कधीच ऐकला नाही. बाहेर राइस मिलचा आवाज चालू असायचा आणि पडद्यावर माझी मुलगी मुकाट्याने हवेत उडायची.

माझी मुलगी म्हणजे मी बनवलेली खेळाडू. गेममध्ये आपला खेळाडू स्वतः घडवता येतो. मी माझ्याएवढीच बुटकी केली, माझ्याच रंगाची, आणि पायांत भडक पिवळे बूट घातले, जे मी दुकानात कधी हातातही घेतले नसते. केस घट्ट वेणीत. नावाच्या जागी नुसतं एक टिंब दिलं. सुरुवातीला तिला धड उडीही मारता येत नव्हती. सामने जिंकत जावं तसं तिला बळ देता येतं. उडीत थोडं, वेगात थोडं, हातात थोडं. मी तिला एकेक दुपार करत वाढवलं. हे सगळं डब्याच्या पुढच्या खाचेतल्या एका छोट्या चिपमध्ये साठलेलं असतं. डबा गेला की ती गेली.

आता मंडईच्या दिवसाकडे येते.

सकाळपासून बाहेरच्या खोलीत जिजाजी खेळत होते आणि आमच्या रीतीप्रमाणे जिंकत होते. मोठ्या बाबांचे दोन्ही मुलगे हरले. फुफाजी "हे लहान पोरांचं काम हाये" म्हणत बसले, हरले आणि चहा प्यायला उठून गेले. दादा तर इतका मन लावून हरत होता की चेंडू घेऊन स्वतःच जाळीवर जाऊन आदळत होता.

"अरे यार, कोणी तरी धड खेळा," जिजाजी वैतागून म्हणाले. मग दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या माझ्याकडे त्यांची नजर गेली. "सालीजी! तुम्ही या. गोंदियात राहता, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्या. या, तुमची इंग्लिश बघू."

खोली हसली. जिजा-सालीची थट्टा आमच्याकडे चालते, मानलीच जाते. स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "खेळ नं गं! लाजते कायले?"

मी ट्रे खाली ठेवला आणि सतरंजीवर बसले. खेळाडूंच्या यादीत खाली, अगदी खाली, माझी मुलगी होती. मी तिला निवडलं.

दादा पुढे वाकला. "ही कधी आली बे यात?"

स्वतःच्या म्हणवल्या जाणाऱ्या डब्यात एवढी तयार खेळाडू कुठून आली, याचं उत्तर त्या खोलीत कुणी शोधलं नाही. जिजाजी म्हणाले, "छोटीशी आहे, उचलून बास्केटमध्ये टाकतो," आणि सामना सुरू झाला.

मी ठरवून हरवायला बसले नव्हते. खरं सांगायचं तर मी हरायलाच बसले होते. रीत मलाही पाठ होती. पण बोटांना रीत माहीत नव्हती. ती फक्त दुपारी खेळली होती, एकटी, आणि तिथे कोणी जावई नसायचा. पहिल्या चेंडूला माझ्या मुलीने जिजाजींच्या गड्याच्या पायांमधून चेंडू काढला आणि कुणीतरी "अबे!" म्हणालं. मीटर थोडा चढला. मग मला थांबता आलं नाही. आणि एक नवीन गोष्ट होती. इथे टीव्हीचा आवाज चालू होता. तो निवेदक पहिल्यांदाच माझ्यासाठी ओरडत होता, भरल्या घरात, मोठ्या बाबांच्या खोलीत, आणि मी त्याला बंद केलं नाही.

तेव्हाच आत्या ते 'पोट्टी हाये नं' बोलली, आणि जिजाजी नुसते हसले.

पहिला डाव मी जिंकले. "झालं, आता जवाईबापूंचा हात मोकळा होऊ द्या," मोठे बाबा म्हणाले. दुसरा डाव लागला. यावेळी मी पडद्यापेक्षा जिजाजींकडे जास्त लक्ष दिलं, कारण मला खात्री करून घ्यायची होती. सोडणाऱ्या माणसाचे हात सैल असतात. मी सकाळभर दादाचे हात बघितले होते, तो कंट्रोलर मांडीवर ठेवून अंगठ्याने कसाबसा ढकलत होता. जिजाजींनी बाह्या दुमडल्या होत्या. ते इतके पुढे सरकले होते की त्यांचा गुडघा चहाच्या कपाला लागला आणि त्यांना कळलं नाही. बटणं दाबताना त्यांचा ओठ दाताखाली होता. हा माणूस जीव तोडून खेळत होता, आणि मी त्याला हरवत होते.

मीटर भरला. चेंडू पेटला. मी घाई केली नाही. जाळीपाशी एक गिरकी घेतली, जी दुपारी कितीतरी वेळा चुकली होती, आणि तिथून उडाले.

दुसरा डावही माझा झाला. आमच्या घरात जावई हरल्यावर काय बोलायचं ते कुणाला माहीतच नव्हतं. फुफाजी दारात चहाचा कप घेऊन उभे होते, ते खोकले. शेवटी जिजाजींनीच कंट्रोलर ठेवला, हात झटकले आणि म्हणाले, "चला, सालीला खूश केलं."

सगळे सुटल्यासारखे हसले. आत्या सगळ्यात मोठ्याने. "मन मोठं हाये पोराचं," ती म्हणाली.

मीही हसले. मी जे केलं ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि एका वाक्यात ते त्यांनी जिजाजींच्या चांगुलपणात जमा केलं होतं. मी ट्रे उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. तिथे ताई लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती. "जिंकली म्हणे तू," ती म्हणाली. मी मान हलवली. "ते घरी झोपेत पण हारत नाही," ती झाऱ्याने वडा उलटत म्हणाली आणि खुदकन हसली. तिच्या हसण्याने मला बरं वाटलं, पण तेवढंच.

पंगत बसली. पुरुष भिंतीला पाठ लावून ओळीने, मधोमध जिजाजी, त्यांच्यासाठी पाटाखाली रांगोळी. भात, वरण, वडे, तळ्यातल्या मासोळीचा रस्सा. माझ्याकडे वरणाचं भांडं होतं. मी एका टोकापासून वाढत आले आणि जिजाजींच्या ताटात वरण वाढून पुढे सरकले. तेवढ्यात मोठे बाबा नाटकी आवाजात म्हणाले, "का झालं जवाईबापू? हात काऊन नाई लागून राहिला अन्नाले?"

जिजाजी मान खाली घालून बसले होते. ओठांच्या कोपऱ्यात हसू. रुसणं सुरू झालं होतं. बायका दारात गोळा झाल्या.

"भाजीत मीठ कमी हाये का?"

मान हलली. नाही.

"आमची पोरगी तरास देते का?"

"तो तर रोजचाच," जिजाजी म्हणाले आणि दारातून ताईने लाटणं दाखवलं. हशा.

"मंग बोला नं बापू. काय पायजे?"

मोठी आई माझ्या शेजारी उभी होती. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. जिजाजींनी मान वर केली, बाहेरच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तो गेम."

मोठ्या आईने इतका मोठा श्वास सोडला की तो मला खांद्यावर लागला.

"बस?" मोठे बाबा. "अन् मी इथे मोटरसायकलच्या हिशोबानं घाबरून राहिलो!"

"घेऊन जा ना जिजाजी," दादा पंगतीतूनच म्हणाला. "पडूनच राहते घरी. मी तं हातही लावत नाही." हे खरं होतं, आणि तो ते मोकळ्या मनाने म्हणाला. दादा मोकळ्या मनाचाच आहे. आपल्या नसलेल्या गोष्टी देताना माणसाचं मन जास्तच मोकळं असतं.

"दिला, दिला," बाबा म्हणाले. "घ्या आता घास."

"दिला!" फुफाजी म्हणाले, ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

जिजाजींनी भातावर बोटं ठेवली.

समोरच्या दारातून आईने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. पैसे मी मोजून दादाला दिले तेव्हा ती तिथेच गहू निवडत बसली होती. तिचे डोळे सांगत होते, राहू दे. नवा जावई आहे. पहिली मंडई आहे. एवढ्या लोकांत नको. दुसरा घेऊ. त्या नजरेपुढे मी आजवर कितीतरी गोष्टी खाली ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी लोक म्हणाले होते, पोरगी शांत आहे.

जिजाजी भात कालवत होते. मी बघत होते. त्यांच्या घरी डबा टीव्हीला लागेल. ते स्वतःचा खेळाडू बनवतील, ताडमाड. चिपमध्ये जागा उरली नसेल, तेव्हा डबा त्यांना विचारेल, जुना खेळाडू काढू का. ते वाईट माणूस नाहीत. ते हो म्हणतील, कारण ती कोण आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल. जिला सांगता येत होतं ती वरणाचं भांडं धरून उभी होती.

त्यांनी घास उचलला. वरणाचा एक थेंब बोटांवरून ताटात पडला. हात छातीपर्यंत आला होता आणि सगळे त्या हाताकडे बघत होते, माझ्याकडे कुणीच नाही. मी भांडं जमिनीवर ठेवलं. जरा जोरात ठेवलं गेलं. माझा आवाज मला अनोळखी वाटला, फार मोठा निघाला, पण मी तो खाली आणला नाही.

"थांबा जिजाजी, घास खाली ठेवा. तो डबा दादाचा नाही, बाबांचाही नाही. मी पोरं शिकवून घेतला, तो माझा आहे, आणि मी दिला म्हटलेलं नाही. मी देत नाही. दुसरं काही मागा, नाही तर बसा तसेच रुसून."